माळावर लावलेली झाडं

सोळा वर्षांची असताना मी एका माळावर एका दिवसात चाळीस खड्डे खणले होते. तळहातांना आलेले फोड पुढं आठवडाभर वर्गात मिरवले. आम्ही साठ-सत्तर पोरं होतो, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, आणि ज्या संस्थेनं आम्हाला नेलं होतं तिचे एक कार्यकर्ते भोंग्यातून सारखं सांगत होते, की ही जमीन पडीक आहे, हिला हिरवं करायचंय. माळ दिसायलाही तसाच होता. घोट्याएवढं वाळकं गवत, मधूनमधून डोकं वर काढलेले खडक, झाड म्हणाल तर नावाला एक.

बाराव्या की तेराव्या खड्ड्याशी एक टिटवी आली. डोक्यावरून घिरट्या घालायची, अंगावर आल्यासारखी खाली यायची आणि कान किटेपर्यंत ओरडायची. ‘हिला आपलं काम पसंत नाही’ असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळे हसलो. संध्याकाळी परतताना माझ्या पायाखाली येता येता चार दगड राहिले. दगडच वाटले आधी. मातकट, काळ्या डागांचे, पण चौघांची निमुळती टोकं आतल्या बाजूला वळलेली. दगड असे बसत नाहीत. त्यातलं एक मी उकरून टाकलेल्या मातीखाली अर्धं गाडलं गेलं होतं. मी धावत जाऊन सांगितलं, तर भोंगेवाले दादा म्हणाले, “काही होत नाही गं, आता इथं झाडं होणार. मग तीच पाखरं झाडांवर घरटी बांधतील.” मला ते पटलं. इतकं पटलं, की पुढं कितीतरी वर्षं मी हाच किस्सा माझ्या पहिल्या वृक्षारोपणाची गोड आठवण म्हणून सांगत होते.

टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते, चारी बाजूंनी लांबवर दिसेल अशा ठिकाणी. हे मला कुठल्याही पुस्तकातून सहज कळू शकलं असतं, पण कळायला बरीच वर्षं गेली.

यंदा थंडीत चौदा मुलामुलींबरोबर पाच दिवस एका जंगलात राहायचा योग आला. मुलं पंधरा ते सतरा वयाची. माझं काम डोकी मोजणं, ताप आला तर गोळी देणं आणि मोबाइल एका डब्यात जमा करणं एवढंच. शिकवायला एक निवृत्त वनपाल होते, मुलं त्यांना काका म्हणायची. सगळ्यांना वाटलं होतं, की काका ठसे दाखवतील, रात्री मचाणावर नेतील, निदान एखादा थरारक किस्सा तरी सांगतील. पहिल्या सकाळी त्यांनी प्रत्येक जोडीला एक शिंप्याची टेप, एक खडू आणि एक वही दिली. बस.

“झाडाला मिठी मारायची असेल तर मारून घ्या,” ते म्हणाले, “मग मोजायला लागा.”

झाड मोजायचं म्हणजे काय, तर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर घ्यायचा. युरोपात हीच उंची १.३ मीटर धरतात. तिला छातीची उंची म्हणतात, पण कुणाची छाती? आमच्या जोड्यांमध्ये ती खूण एकाच्या खांद्याला आली, एकीच्या हनुवटीला, आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या एका पोराच्या खरोखर छातीला. काकांनी प्रत्येकाला आपापल्या अंगावर ती जागा लक्षात ठेवायला लावली. उतारावरच्या झाडाशी चढाच्या बाजूला उभं राहायचं. त्या उंचीच्या खालीच खोडाला फाटा फुटला असेल तर दोन झाडं धरायची. टेप वेलीवरून घ्यायची नाही, वेल बाजूला करून सालीला टेकवायची. आलेल्या आकड्याला ३.१४ नं भागलं की व्यास. उंचीसाठी तर टेपही लागत नाही. डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी घ्यायची, हात ताठ करून ती उभी धरायची आणि काठीत अख्खं झाड मावेपर्यंत मागं सरकायचं. मावलं, की तुमच्यापासून बुंध्यापर्यंतचं अंतर हीच झाडाची उंची. भूमितीतले समरूप त्रिकोण. एका मुलीनं हे ऐकून इतक्या जोरात ‘आईशप्पथ’ म्हटलं, की मला तिच्या गणिताच्या बाईंची दया आली. बिचाऱ्यांनी वर्षभर फळ्यावर काढलेले ते त्रिकोण एका काठीनं दोन मिनिटांत उभे केले होते.

मला आधी हे सगळं जरा रुक्ष वाटलं, खरं सांगते. जंगलात येऊन टेप? पण टेप लावायची म्हणजे झाडाला पूर्ण वेढा घालावा लागतो. मागच्या बाजूला हात पोचत नाही, म्हणून जोडीदार टेपचं टोक घेऊन फिरतो आणि फिरताना त्याला ते दिसतं, जे समोरून कधीच दिसलं नसतं. सालीच्या भेगेतून चाललेली मुंग्यांची रांग. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत घासून गुळगुळीत झालेला पट्टा, ज्यावर ओलसर चिखल आणि दोन राठ केस चिकटलेले. रानडुकरानं अंग घासलंय, काका म्हणाले. चिखल असा ताजा असेल तर पाणी किंवा लोळण जवळच आहे. वहीत घेराच्या रकान्याशेजारी ‘इतर’ असा एक रकाना होता. पहिल्या तासात तो सगळ्यांचा कोरा होता. दुपारपर्यंत त्यात अक्षरं मावेनात.

दुसऱ्या दिवशी दोऱ्या आणि खुंट्या आल्या. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा आणि आतलं प्रत्येक झाड, झुडूप, रोपटं मोजायचं. एका जोडीचं काम इतरांच्या आधी संपलं. काकांनी वही बघितली. सात झाडं, सगळी जाड. “आणि रोपं?” “नाहीत.” “पुन्हा बघ.” तो मुलगा गुडघ्यावर बसून पानं उचलत पुन्हा सगळा चौकोन फिरला आणि येऊन म्हणाला, “काका, इथं सगळे आजोबाच आहेत. नातवंडं नाहीत.”

काकांनी त्याच्या पाठीवर जी थाप दिली, तिचा मला थोडा हेवा वाटला.

लांबून ते जंगल भरगच्च होतं. फोटो काढला तर कुणीही ‘वा’ म्हणालं असतं. पण आजची झाडं गेली की त्यांच्या जागी यायला कुणीच नव्हतं. बी पडत नसेल, पडून रुजत नसेल, रुजलेलं चरलं जात असेल, की झुडपांच्या दाटीत ऊनच खाली पोचत नसेल? प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा. वनविद्येची सुरुवातच बहुधा या धास्तीतून झाली. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ नावाच्या खाण-अधिकाऱ्यानं १७१३ साली लिहून ठेवलं, की जेवढं लाकूड पुन्हा वाढतं तेवढंच तोडावं. त्याला जंगलाचं प्रेम वगैरे किती होतं देव जाणे, त्याच्या भट्ट्यांना लाकूड कमी पडायला लागलं होतं. हिशेबातून सुरू झालेल्या या शास्त्रानं पुढं हिशेब इतका मनावर घेतला, की युरोपात मैलोन्‌मैल एकाच वयाची, एकाच जातीची झाडं रांगेत उभी राहिली. मोजायला सोपी, तोडायला सोपी, आणि वादळ किंवा साल पोखरणारा किडा आला की एकदम आडवी. टेप चांगली. पण तिला फक्त लाकूडच मोजायला लावलं, तर ती बाकीचं कशाला सांगेल?

तिसऱ्या दिवशीचं मेलेलं झाड मात्र मी विसरणार नाही.

पायवाटेपासून थोडं आत ते उभं होतं. साल जवळजवळ सगळी गळलेली, वरच्या फांद्या तुटून खाली पडलेल्या, रंग राखेसारखा. काकांनी मुलांना विचारलं, “या तुकड्याचे मालक तुम्ही. हे झाड तोडाल की ठेवाल?” चौदापैकी अकरा हात तोडण्याच्या बाजूनं वर गेले. कारणंही चोख होती. मेलेलं आहे, कीड पसरेल, सरपण होईल, त्या जागी नवं लावता येईल. मग काकांनी सगळ्यांना त्या झाडाभोवती गोल बसवलं आणि अर्धा तास बोलायचं नाही म्हणून सांगितलं.

सतरा वर्षांच्या मुलांना अर्धा तास गप्प बसवणं ही वनव्यवस्थापनातली सर्वांत अवघड पायरी असावी. पहिली दहा मिनिटं नुसती चुळबुळ. मग कुणाला तरी बुंध्याशी पडलेला पिवळसर भुस्सा दिसला. ताजा. त्याच्या सरळ रेषेत वर बघितलं तर पुरुषभर उंचीच्या बरंच वर एक वाटोळं भोक, कंपासनं काढल्यासारखं. त्याच्याही वर आणखी दोन, पण त्यांच्या कडा जुन्या, काळपट. थोड्या वेळानं सुतार पक्षी आला, खोडाला चिकटला आणि दोनदा ठोकून भोकाच्या तोंडाशी गेला. त्यानंतर बऱ्याच वेळानं वरच्या जुन्या भोकातून एक पोपट बाहेर पडला, इतका अचानक, की दोघीजणी दचकल्या. खालच्या भेगेत पालीएवढा एक सरडा उन्हाला बसला होता, तो शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

सुतार चोचीनं ढोली कोरतो, एका विणीसाठी वापरतो आणि बहुतेकदा पुढच्या वेळी नवी कोरतो. त्यानं सोडलेल्या घरावर पोपट, मैना, छोटी घुबडं आणि खारी टपलेल्या असतात. त्यांना स्वतःला कोरता येत नाही. कोरायला लाकूड आतून मऊ झालेलं लागतं, म्हणजे मेलेलं किंवा मरायला लागलेलं. फिनलंडच्या जंगलांत तर चार-पाच हजार जाती मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत, तिथल्या वन्य जातींपैकी जवळजवळ पाचवा ते चौथा हिस्सा. बुरशी, भुंगे, शेवाळं, आणि त्यांना खाणारे. ‘जंगल साफ करणं’ हे शब्द आपण किती सहज वापरतो!

काकांनी पुन्हा मत घेतलं. यावेळी तोडायला एकच हात वर आला आणि तो खाली करायला त्या मुलानं नकार दिला. “वाट जवळ आहे,” तो म्हणाला, “वाऱ्यात पडलं तर माणसावर पडेल.” सगळे त्याच्यावर तुटून पडले. काकांनी त्यांना थांबवलं. मुद्दा बरोबर होता. शेवटी वाटच दहा-बारा पावलं लांबून न्यावी असं ठरलं. मला यातलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर त्या पोरानं हात खाली घेतला नाही ते.

त्या रात्री काकांनी चार शब्द सांगितले: अन्न, पाणी, आडोसा, जागा. अधिवास म्हणजे एवढंच. पण हे चारही एकाच प्राण्याच्या आवाक्यात आणि त्याला हव्या त्या वेळी हवेत. अमेरिकेत फोर-एच नावाची मुलांची जुनी चळवळ आहे. तिच्या वन्यजीव-अधिवास स्पर्धेत मुलांना एक जमिनीचा तुकडा आणि काही प्राण्यांची नावं देतात, आणि विचारतात, की इथं काय कराल? झुडपं लावाल, चराई बदलाल, आग लावाल, पडलेलं लाकूड राहू द्याल, की घरट्यांच्या पेट्या टांगाल? खुबी अशी, की प्राण्याचं नाव बदललं की उत्तर बदलतं. जमीन तीच, काल बरोबर असलेली उपाययोजना आज चूक. ‘जंगलासाठी चांगलं’ असं मोघम उत्तर द्यायला जागाच नाही. कोणासाठी, ते आधी सांगा.

मिशिगनमधल्या कर्टलंड्स वॉर्ब्लर या चिमुकल्या पक्ष्याची गोष्ट त्यावरूनच निघाली. त्याला घरट्यासाठी जॅक पाइन लागतो, तोही साधारण पाच ते वीस वर्षांचा. घरटं जमिनीवर, कोवळ्या झाडाच्या खालच्या फांद्यांच्या आडोशाला. झाड म्हातारं झालं, खालच्या फांद्या गेल्या, की जागा निकामी. आणि जॅक पाइनची शंकूफळं उघडतात आगीच्या धगीनं. माणसांनी वणवे विझवायला घेतले, अगदी भल्या हेतूनं, आणि कोवळी राईच उगवेना. १९८७ साली मोजणीत फक्त १६७ गाणारे नर भरले. त्याआधी, १९८० मध्ये, मुद्दाम लावलेली एक आग हाताबाहेर गेली होती. घरं जळली, एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. त्याच जळिताच्या जागी दशकभरानं कोवळी पाइनराई तयार झाली आणि पक्षी वाढू लागला. दुसऱ्यांच्या घरट्यांत अंडी घालणाऱ्या काउबर्डना पकडणं, जुनी राई तोडून नवी लावणं, असं सगळं वर्षानुवर्षं चालू राहिलं. २०१९ मध्ये त्याचं नाव धोक्यातल्या जातींच्या यादीतून निघालं. एका मुलीनं विचारलं, “म्हणजे ती आग चांगली होती का?” काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ज्याचा माणूस गेला त्याच्यासमोर हे वाक्य म्हणता येईल का, ते बघ.”

आपल्याकडचं भरतपूर मी सांगितलं. केवलादेवच्या पाणथळीत १९८२ साली गुरं चारायला बंदी झाली. आसपासच्या गावांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि म्हशी आत यायच्या थांबल्यावर, त्या जे पाणगवत खात होत्या ते बेसुमार माजलं. उघडं पाणी झाकत गेलं, बदकांची पंचाईत झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या तिथल्या अभ्यासात हे स्पष्ट झालं, की म्हशी त्या पाणथळीच्या शत्रू नव्हत्या, तिला उघडं ठेवणाऱ्या कामकरी होत्या. पुढं गावकऱ्यांना गवत कापून नेऊ द्यावं लागलं. जे काम म्हशी फुकट करत होत्या, ते.

मुलं ऐकत होती, पण मला जाणवत होतं, की मी दुसऱ्यांच्या चुका फार सफाईनं सांगतेय.

चौथ्या दिवशी मुलांना एक मोकळवन दिलं. चारी बाजूंनी झाडं, मध्ये गवत, आणि गवतावर कडेकडेनं चाल करून येणारी घाणेरी. घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, बागेत शोभेला म्हणून जगभर नेलेली. नाव मराठीनं अगदी योग्य ठेवलंय. मुलांनी दोन तास वाद घातला. उपटा, म्हणजे गवत वाचेल आणि चरणारे प्राणी येतील. पण त्याच घाणेरीची फळं बुलबुल खात होते आणि तिच्या आत काहीतरी खसखसत होतं, बहुधा मुंगूस. एकदम सगळी काढली तर उन्हाळ्यात आडोसा कुणाला? शेवटी तीन वर्षांत, पट्ट्यापट्ट्यानं, फळं धरायच्या आधी मुळासकट काढायची आणि मोकळ्या जागी लगेच स्थानिक गवताचं बी टाकायचं, असा आराखडा झाला. काकांनी तळाशी एक ओळ लिहायला लावली: दर वर्षी याच जागी येऊन पुन्हा मोजणे. “ही ओळ लोक विसरतात,” ते म्हणाले. “काम करतात, फोटो काढतात, जातात.”

मी खाली बघितलं.

अमेरिकी वनाधिकारी आणि प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये एक शेत घेतलं होतं, शेतीनं पार शोषून टाकलेलं. दर वसंतात बायको आणि पाच मुलांना घेऊन ते तिथं हजारोंनी रोपं लावायचे. सुरुवातीची बहुतेक दुष्काळात मेली. पुन्हा लावली. किती जगली, कुठं जगली, का मेली याच्या नोंदी केल्या. त्या पाचांपैकी तिघं पुढं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून गेली. मला त्या अकादमीपेक्षा त्या मेलेल्या रोपांचं अप्रूप वाटतं. पोरांना घेऊन त्याच जागी परत जायचं आणि आपलं काय चुकलं ते एकेक रोप उपटून बघायचं, याला छाती लागते.

परतल्यावर महिन्याभरानं मी तो माळ बघायला गेले. एकटी जायचं धाडस झालं नाही, म्हणून ‘म्हणजे ती आग चांगली होती का’ विचारणारी मुलगी आणि हात खाली न करणारा मुलगा, दोघांना बरोबर घेतलं. वाटेत त्यांना अंड्यांची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच पूर्ण. दोघंही काही बोलले नाहीत. मुलं बोलत नाहीत तेव्हा फार अवघड जातं.

माळ अर्धा राहिला होता. आमच्या बाजूला रांगा अजून ओळखू येत होत्या. बरीचशी झाडं पहिल्या दोन-तीन वर्षांतच गेली असणार, तिथं नुसते बुजलेले खड्डे. जगलेली उंच झालेली, सगळी एकाच जातीची, खाली पानांचा जाड थर आणि त्याखाली गवताचं पातं नाही. पलीकडच्या उघड्या अर्ध्यावर चंडोल वर चढत गात होता. आमच्या बाजूला कावळे होते.

“कापायची का ही?” मुलानं विचारलं. त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, तो खरंच विचारत होता.

मुलीनं टेप काढली होती. ती रांगेनं मोजत चालली होती, मी आकडे लिहीत होते. ९४. ८८. १०१. सातव्या झाडाशी ती थांबली. ते वाळलेलं होतं, साल सुटलेली. टेपचं टोक माझ्या हातात देऊन ती पलीकडच्या बाजूला गेली आणि तिथंच राहिली.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “इकडं या. आवाज करू नका.”

बुंध्याशी ताजा भुस्सा पडला होता.